आखडलेला कणा : चित्र काय सांगते आणि काय सांगत नाही

कंबरदुखी आणि मानदुखी या घरोघरच्या तक्रारी आहेत. पोते उचलले, एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून लांबचा प्रवास झाला किंवा दिवसभर वाकून खुरपणी केली, की पाठ धरते. शेक घेतला, बाम चोळला, दोन दिवस जपून वागले की बहुतेकांची पाठ मोकळी होते. अशा दुखण्याला औषध फारसे लागत नाही आणि एक्स-रेही लागत नाही.

परंतु काही थोड्या लोकांची पाठ या नियमात बसत नाही. विश्रांती घेतली तर ती सुटण्याऐवजी अधिकच आखडते. किंवा एखाद्या वृद्ध माणसाची मान एका रात्रीत अशी धरते, की ताप येतो आणि डोके वळवता येत नाही. या दुखण्यांमागे हाडांची झीज नसते, तर दाह असतो. हा दाह मुख्यतः दोन प्रकारांनी होतो. एक म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. दुसरा म्हणजे सांध्यांत सूक्ष्म स्फटिक साचतात आणि ते खुपू लागतात. हे प्रकार कसे ओळखायचे, त्यात एक्स-रे, सी.टी. स्कॅन आणि एम.आर.आय. यांचा उपयोग किती, आणि कोणती तपासणी केव्हा करावी, याची माहिती आज घेऊ. कारण चुकीच्या वेळी केलेली महागडी तपासणी खिसा रिकामा करते आणि रोग तसाच राहतो.

स्पॉन्डिलोसिस आणि स्पॉन्डिलायटिस

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे मान दुखू लागली की 'मला स्पॉन्डिलायटिस आहे' असे सर्रास म्हटले जाते. पन्नाशीनंतर मणक्यांची आणि त्यांच्यामधील चकत्यांची जी झीज होते, तिचे नाव स्पॉन्डिलोसिस. केस पांढरे व्हावेत तशी ती वयाबरोबर येते. वैद्यकातील 'आयटिस' या प्रत्ययाचा अर्थ दाह असा आहे. खरा स्पॉन्डिलायटिस म्हणजे कण्याचा दाह, आणि तो बहुधा तरुण वयात सुरू होतो. दोन्ही नावे कानाला सारखी लागतात, पण रोग वेगळे आहेत आणि उपचारही वेगळे आहेत. झिजेचे म्हणून गळ्यात पट्टा घालून घरी बसलेला तरुण प्रत्यक्षात दाहाचा रुग्ण असेल, तर विश्रांतीने त्याचे नुकसानच होते.

दाहाची पाठ कशी ओळखावी?

या रोगांचा म्होरक्या म्हणजे अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. रशियाचे बेख्तेरेव, जर्मनीचे श्ट्रुम्पेल आणि फ्रान्सचे पिअर मारी या तिघांनी १८९३ ते १८९८ या काळात त्याची वर्णने लिहिली. हा रोग पुरुषांत अधिक दिसतो, पण स्त्रियांतही होतो. स्त्रियांच्या बाबतीत 'बाळंतपणानंतरची कंबर' म्हणून तो पुष्कळदा नजरेआड होतो.

त्याच्या खुणा अशा : दुखणे वयाच्या ४५ वर्षांच्या आत, साधारणतः विशी-तिशीत सुरू होते. एखाद्या दिवशी उसण भरावी तसे ते येत नाही, हळूहळू वाढत जाते आणि तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते. सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ पाठ लाकडासारखी ताठ राहते. हालचाल केली, कामाला लागले की मोकळी होते. रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते आणि उठून चार पावले चालल्यावर बरे वाटते. कधी उजवा कुल्ला दुखतो, तर कधी डावा. काहींना टाचेत दुखते. काहींचा एक डोळा अचानक लाल होतो, दुखतो आणि उजेड सहन होत नाही. कुणाला सोरायसिस असतो, कुणाच्या घरात वडील किंवा काका असेच वाकलेले असतात.

ही लक्षणे जुळत असतील तर चित्र काढण्याला अर्थ आहे. निदानाची सुरुवात यंत्रापासून होत नाही, ती रुग्णाच्या हकिकतीपासून होते. जगभरच्या पाहण्यांत असे आढळले आहे, की या रोगाची पहिली लक्षणे आणि निदान यांत सरासरी सहा-सात वर्षांचे अंतर पडते. ही वर्षे माणसाच्या कामाच्या आणि उमेदीच्या काळातली असतात.

पहिला एक्स-रे कशाचा?

पाठ दुखते म्हणून पाठीचा एक्स-रे काढावा, हे सहज सुचते. पण या रोगाचे मूळ बहुतेक वेळा थोडे खाली असते. माकडहाडाच्या वर एक त्रिकोणी हाड असते, त्याला त्रिकास्थी म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेची मोठी पसरट हाडे येऊन मिळतात. या सांध्याला सॅक्रोइलियाक सांधा असे नाव आहे, आपण सोयीसाठी त्याला कटिसांधा म्हणू. सडपातळ माणसाच्या कमरेखाली पाठीमागे दोन खळ्या दिसतात, साधारण त्याच भागात खोलवर हे दोन सांधे असतात. दाह प्रथम तेथे धरतो. म्हणून पहिला एक्स-रे कटीचा, म्हणजे दोन्ही कटिसांधे दिसतील असा समोरून काढलेला हवा.

या एक्स-रेत सांध्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात का, कडेचे हाड जास्त पांढरे झाले आहे का, सांध्याची फट रुंद किंवा अरुंद झाली आहे का, की ती बुजूनच गेली आहे, हे पाहतात. त्यावरून ० ते ४ अशी प्रत ठरवतात. ० म्हणजे निरोगी, १ म्हणजे संशयास्पद, २ म्हणजे थोडेसे पण दिसणारे बदल, ३ म्हणजे निश्चित रोग आणि ४ म्हणजे सांधा पूर्ण जुळून गेलेला. १९८४ साली सुधारून घेतलेल्या न्यूयॉर्क निकषांनुसार, लक्षणांच्या जोडीला दोन्ही बाजूंना किमान दुसरी प्रत किंवा एका बाजूला तरी तिसरी प्रत असेल, तर निदान पक्के धरतात.

यात एक अडचण आहे. एक्स-रे हाड दाखवतो, सूज दाखवत नाही. दाह सुरू झाल्यापासून हाडावर त्याच्या खुणा उमटायला काही वर्षे जातात. शिवाय या सांध्याची रचना तिरकस आणि ओबडधोबड असल्याने पहिल्या व दुसऱ्या प्रतीबद्दल दोन अनुभवी तज्ज्ञांतही मतभेद होतात. म्हणून विशीतल्या तरुणाचा एक्स-रे 'नॉर्मल' आला, तर त्याचा अर्थ रोग नाही असा होत नाही. अजून हाडावर खूण उमटलेली नाही, एवढाच तो अर्थ असू शकतो.

एम.आर.आय. काय अधिक दाखवतो?

एम.आर.आय. यंत्रात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याचे व चरबीचे चित्र तयार होते. दाह झालेल्या हाडाच्या मगजात पाणी वाढते. यंत्रावर चरबीचा उजळपणा दाबून टाकणारी एक पद्धत असते, तिला 'स्टर' म्हणतात. त्या पद्धतीने काढलेल्या चित्रात निरोगी हाड काळसर आणि सुजलेला भाग पांढरा दिसतो. हाड कुरतडले जाण्यापूर्वीच सूज पकडता येते, हा त्याचा मोठा फायदा. म्हणूनच २००९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरवलेल्या नव्या निकषांत कटिसांध्याच्या एम.आर.आय.ला स्थान मिळाले. दुसऱ्या पद्धतीच्या चित्रात जुन्या दाहानंतर मागे राहिलेली चरबी आणि कुरतडलेल्या कडाही दिसतात. बहुतेक वेळा यासाठी शिरेतून औषध टोचावे लागत नाही.

आता वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. 'कंबरेचा एम.आर.आय.' आणि 'कटिसांध्याचा एम.आर.आय.' या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. नेहमीच्या कंबरेच्या चित्रात मणके आणि चकत्या नीट दिसतात, कटिसांधे मात्र कडेला राहतात किंवा येतच नाहीत. मग होते काय, की रुग्ण काही हजार रुपये खर्च करतो, अहवालात 'चकती किंचित फुगली आहे' असे येते, सगळा दोष त्या चकतीच्या माथी जातो आणि खरा रोग चित्राच्या चौकटीबाहेर राहतो.

फुगलेल्या चकतीची तर गंमतच आहे. १९९४ साली अमेरिकेत ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती, अशा ९८ जणांचा एम.आर.आय. काढण्यात आला. त्यांतल्या ५२ टक्के लोकांत निदान एक तरी चकती फुगलेली निघाली. तेव्हा अहवालात असे काही आढळले म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे समजू नये.

उलट बाजूही सांगायला हवी. कटिसांध्यातील प्रत्येक पांढरा ठिपका हा रोग नसतो. बाळंतपणानंतर काही महिने, तसेच धावपटू आणि कवायत करणारे जवान यांच्या सांध्यांत ताणामुळे थोडी सूज दिसू शकते. म्हणून लक्षणे नसताना केवळ चित्रावरून कुणावर जन्माचा शिक्का मारू नये.

बांबूसारखा कणा आणि त्याचे तोतये

रोग वर चढू लागला की मणक्यांवर बदल दिसतात. बाजूने पाहिल्यावर मणक्याची पुढची कड आत वळलेली असते, ती सपाट होऊन मणका चौकोनी दिसू लागतो. त्याचे कोपरे चमकतात. मग एका मणक्यापासून दुसऱ्यापर्यंत चकतीच्या कडेने हाडाचे बारीक, उभे पूल तयार होतात. सगळे पूल जुळले की कणा पेरापेरांच्या बांबूसारखा दिसतो. हे चित्र ओळखायला कुणालाही कठीण नाही, पण तोवर वेळ टळलेली असते.

असेच पूल दुसऱ्या काही कारणांनीही तयार होतात, त्यामुळे फसगत होते. त्यातील पहिले कारण वृद्धांत, विशेषतः मधुमेही आणि स्थूल लोकांत आढळते. फ्रान्सचे फोरेस्तिए आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० साली त्याचे वर्णन केले. यात मेणबत्तीचे मेण ओघळावे तसे जाड हाड मणक्यांच्या पुढून वाहिलेले दिसते. छातीच्या भागात ते बहुधा उजव्या बाजूला असते, कारण डाव्या बाजूला महारोहिणीचे ठोके सतत पडत असतात. चकत्यांची उंची टिकून असते आणि कटिसांध्यांत दाहाच्या खुणा नसतात. हा दाह नव्हे, त्याला दाहाची भारी औषधे लागत नाहीत.

दुसरे कारण पाण्यातील फ्लोराइड. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे कणाही ताठ होतो. या एक्स-रेत हाडे नेहमीपेक्षा पांढरी आणि दाट दिसतात. कोपर ते मनगट या भागाचा साधा एक्स-रे काढला, तर दोन हाडांमधला पडदा टणक झालेला आढळतो. हा पुरावा स्वस्तात मिळतो. एकाच वस्तीतील अनेक लोक वाकलेले असतील तर पाण्याची तपासणी आधी करावी.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण क्षय. आपल्या देशात मणक्याचा क्षय आजही आढळतो. त्यात दोन मणक्यांमधील चकती नष्ट होते, लगतची हाडे पोखरली जातात आणि बाजूला पू साचतो. एम.आर.आय.मध्ये तो पू स्पष्ट दिसतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, एकाच जागी सतत दुखणे ही लक्षणे असतात. तसेच एकाच बाजूचा कटिसांधा सुजला असेल आणि सूज सांध्याबाहेर स्नायूंत पसरली असेल, तर क्षय किंवा जनावरांपासून येणारा ब्रुसेलोसिस यांचा विचार केलाच पाहिजे. ज्यांच्या गोठ्यात गाई-म्हशी गाभडल्या आहेत किंवा जे कच्चे दूध पितात, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दाह कमी करणारी नवी इंजेक्शने प्रतिकारशक्ती दाबतात. क्षय नजरचुकीने राहून गेला आणि ती दिली, तर प्राणावर बेतू शकते. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात.

स्फटिकांचा उपद्रव : गाऊट

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. रक्तातील युरिक अ‍ॅसिड वाढले, म्हणजे साधारणतः डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले, की ते विरघळलेले राहू शकत नाही. सुईसारखे स्फटिक होऊन ते सांध्यांत साचते. पायाचा अंगठा रात्रीतून टरारून सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. हाच गाऊट. बरीच वर्षे उपचार झाले नाहीत तर स्फटिकांच्या गाठी होतात, आणि क्वचित त्या कण्यातही होतात. बहुधा कंबरेच्या भागात, मणक्यांच्या मागच्या बाजूच्या लहान सांध्यांत त्या बसतात आणि मज्जातंतूंवर दाब आणतात.

येथे साधा एक्स-रे बहुधा काहीच सांगत नाही. एम.आर.आय. गाठ दाखवतो, पण ती गाठ कशाची हे सांगत नाही. गळू, क्षय, कर्करोग आणि गाऊट यांची चित्रे सारखी दिसू शकतात. सी.टी. स्कॅनमध्ये हाडाला पडलेला स्वच्छ काठाचा खड्डा आणि त्यातील किंचित दाट गाठ दिसते, त्यावरून संशय बळावतो. गेल्या काही वर्षांत दोन निरनिराळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारा सी.टी. आला आहे. युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक आणि कॅल्शियम हे दोन ऊर्जांचे किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. हा फरक संगणक ओळखतो आणि स्फटिकांना वेगळा रंग देतो, बहुधा हिरवा. ही सोय मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांतच आहे. शिवाय अगदी सुरुवातीचे स्फटिक तिच्यातून निसटतात आणि नखांजवळ किंवा टाचेच्या जाड कातडीत खोटा हिरवा रंगही दिसतो.

अंतिम पुरावा म्हणजे सुईने काढलेला नमुना आणि ध्रुवीकृत प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक. १९६१ साली अमेरिकेत मॅककार्टी आणि हॉलंडर यांनी गाऊटचे स्फटिक या पद्धतीने ओळखून दाखवले. नमुना नेहमीप्रमाणे फॉर्मॅलिनमध्ये ठेवला तर हे स्फटिक विरघळून जातात, म्हणून गाऊटचा संशय असल्यास प्रयोगशाळेला आधी कळवून तो अल्कोहोलमध्ये पाठवणे चांगले.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. हल्ली पाठ दुखली की रक्तातले युरिक अ‍ॅसिड तपासले जाते, ते ७ निघाले की 'पाठीत वात आहे' म्हणून गोळ्या सुरू होतात. हे बरोबर नाही. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या बहुसंख्य लोकांना गाऊट होतच नाही, आणि कण्याचा गाऊट तर दुर्मिळच. उलट गाऊटच्या ऐन झटक्यात रक्तातील प्रमाण कधी कधी सामान्य येते. कण्याच्या गाऊटचा संशय यावा तो अंगठा, गुडघा, कोपर, कानाची पाळी येथे जुना गाऊट किंवा गाठी असतील तेव्हा. अंगठ्याची सोनोग्राफीदेखील त्या वेळी उपयोगी पडते.

सुळक्यावरचा मुकुट

स्फटिकांचा दुसरा प्रकार कॅल्शियम पायरोफॉस्फेटचा. तो वृद्धांत आढळतो. मानेच्या दुसऱ्या मणक्याला दातासारखा एक सुळका असतो, त्याच्याभोवती पहिला मणका फिरतो आणि आपण मान वळवतो. या सुळक्याभोवतीच्या बंधांत हे स्फटिक साचतात. एखाद्या दिवशी ते भडकतात आणि सत्तरीच्या आजींची मान एकाएकी जाम होते. ताप येतो, डोके दुखते, रक्तातील ई.एस.आर. आणि सी.आर.पी. खूप वाढतात. घरच्यांना आणि डॉक्टरांनाही मेंदूज्वराची शंका येते, आणि ती घेणे योग्यच असते.

अशा वेळी उपयोगी पडतो तो मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सी.टी. स्कॅन. सुळक्याच्या डोक्यावर आणि बाजूंना चुन्याचे पांढरे कण मुकुटासारखे बसलेले दिसतात. १९८५ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी हे चित्र प्रथम मांडले आणि त्याला मुकुटाचेच नाव दिले. साध्या एक्स-रेत हा भाग जबड्याआड दडतो आणि एम.आर.आय.मध्ये चुना नीट दिसत नाही. महाग तपासणी ती चांगली, हा समज येथे खोटा ठरतो.

आणखी एक सोपी युक्ती आहे. याच रुग्णांच्या गुडघ्याच्या किंवा मनगटाच्या कुर्चेतही बहुधा चुन्याची बारीक रेघ असते. ती तालुक्याच्या गावी काढलेल्या साध्या एक्स-रेतही दिसते. अर्थात म्हातारपणी सुळक्याभोवती थोडा चुना दुखण्याशिवायही असू शकतो. म्हणून जंतुसंसर्ग नाही याची खात्री करणे सुटत नाही. निदान नक्की झाले, की योग्य औषधांनी बहुतेक रुग्ण काही दिवसांत मान वळवू लागतात. आहारातील दुधामुळे किंवा पानाच्या चुन्यामुळे हा रोग होत नाही, तेव्हा आजींचे दूध बंद करू नये.

आमवात आणि मानेचा वरचा सांधा

बोटांच्या सांध्यांचा आमवात अनेक वर्षे असेल, तर याच सुळक्याचे बंध सैल होऊ शकतात. मान पुढे वाकवून बाजूने काढलेल्या एक्स-रेत पहिला मणका आणि सुळका यांतील अंतर मोजतात. प्रौढ माणसात ते ३ मिलिमीटरहून अधिक असेल तर सांधा सैल समजतात. मज्जारज्जूवर दाब आहे का, हे एम.आर.आय. सांगतो. आमवाताच्या रुग्णाने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपला आजार सांगावा. बेशुद्धीत नळी घालताना मान फार मागे वाकवली जाऊ नये, म्हणून ही काळजी.

मान मोडणे, पाठीवर पाय देणे

केशकर्तनालयात दाढी झाल्यावर मान कडाडून मोडून घेण्याची अनेकांना सवय असते. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. आमवात किंवा अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस असलेल्यांनी हे दोन्ही प्रकार कटाक्षाने टाळावेत. जुळून गेलेला कणा खडूसारखा ठिसूळ होतो. न्हाणीघरात साधे घसरून पडल्यानेही त्याचा आरपार भंग होतो. असा माणूस पडल्यानंतर नव्याने दुखू लागले, तर एक्स-रेत काही दिसले नाही म्हणून गप्प बसू नये. सी.टी. किंवा एम.आर.आय. करून घ्यावा. दवाखान्यात नेताना त्याची नेहमीची वाकलेली मान सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, आहे त्या स्थितीत उशीचा आधार द्यावा.

तपासणीला जाण्यापूर्वी

१. दुखणे केव्हा सुरू झाले, सकाळी किती वेळ पाठ ताठ राहते, विश्रांतीने वाढते की कमी होते, हे कागदावर लिहून न्यावे.

२. जुने एक्स-रे आणि अहवाल फेकू नयेत. पाच वर्षांपूर्वीची फिल्म शेजारी ठेवली की रोगाची चाल कळते.

३. तरुण रुग्णाला दाहाची लक्षणे असतील तर आधी कटिसांध्यांचा एक्स-रे, आणि तो निर्णायक नसेल तर कटिसांध्यांचा एम.आर.आय., असा क्रम असतो. चिठ्ठीवर कोणत्या भागाची तपासणी लिहिली आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

४. स्त्रियांनी गरोदर असल्यास किंवा तशी शंका असल्यास एक्स-रे व सी.टी.पूर्वी सांगावे. हृदयाचा पेसमेकर, शस्त्रक्रियेतील धातूची चाप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण यांची माहिती एम.आर.आय.पूर्वी द्यावी.

५. पायांतील शक्ती जाणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, तापाबरोबर मान ताठणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

काही नेहमीचे प्रश्न

*एच.एल.ए.-बी २७ ही रक्तचाचणी केली की निदान होते ना?* नाही. या चाचणीचा रोगाशी असलेला संबंध १९७३ साली उघड झाला. पण ज्यांच्यात ही खूण असते त्यांतल्या बहुसंख्यांना रोग कधीच होत नाही, आणि काही रुग्णांत ती खूण सापडतही नाही. लक्षणे आणि चित्र यांना ती आधार देते, एवढेच.

*आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे संधिवात नाही?* ही चाचणी आमवाताशी संबंधित आहे. अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये ती बहुधा निगेटिव्हच येते. ई.एस.आर.ही बऱ्याच रुग्णांत वाढलेला नसतो.

*निदान झाले तरी उपयोग काय, कणा तर वाकणारच?* हा समज जुना झाला. रोज नियमाने व्यायाम, पोहणे, तंबाखू-विडी सोडणे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाहशामक गोळ्या, आणि त्या पुरेशा नसतील तर नवी इंजेक्शने, यांमुळे पुष्कळ रुग्ण आज ताठ मानेने नोकरी-धंदा करत आहेत. जुळून गेलेला सांधा मात्र पुन्हा सुटा होत नाही. लवकर निदानाचे महत्त्व यासाठीच आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते, पण या रोगात त्या दीर्घकाळ घेऊ नयेत. 'वाताच्या पुड्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

थोडक्यात सांगायचे तर, एक्स-रे हाडाचा इतिहास सांगतो, एम.आर.आय. सध्या चालू असलेला दाह दाखवतो आणि सी.टी. चुना व भंग दाखवतो. यांपैकी कोणते यंत्र कामाला लावायचे, हे रुग्णाच्या हकिकतीवरून ठरते. तेव्हा आपल्या घरातील एखादा तरुण मुलगा किंवा सून सकाळी भिंतीला धरून उठत असेल, तर आळशीपणा म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. सकाळी किती वेळ पाठ आखडते, एवढे त्यांना विचारा, आणि उत्तर अर्ध्या तासाहून अधिक असेल तर डॉक्टरांकडे न्या.